बांधकामाच्या वकिलांचा टेप

मित्रांनो, मी लांबी मोजण्याचा टेप आहे. तीस मीटरचा, कापडी. आता फार थकलो आहे. माझी पितळी मूठ फिरवली तर मी निम्म्यावरच अडकतो, आणि पहिल्या दोन मीटरवरचे आकडे तर घामाच्या हातांनी पुसून गेले आहेत. वर्ध्यातल्या वकिलांच्या एका कचेरीत भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. वकिलांकडे टेपचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. ते सांगायचं तर मला बरंच मागं जावं लागेल.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. जाड सुती पट्टी, ती ताणली जाऊ नये म्हणून तिच्यात विणलेल्या तांब्याच्या बारीक तारा, काळे आकडे, दर मीटरला लाल खूण. वर चामड्याची गोल पेटी आणि टोकाला धरायला पितळेची कडी. कडीच्या बाहेरच्या काठापासून माझं माप सुरू होत असे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या कडीमुळेच झालं.

१९९० साली नागपूरला इतवारीतल्या एका दुकानातून प्रभाकररावांनी मला विकत घेतलं. ते बारा वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरी करता करताच त्यांनी वकिलीची परीक्षा दिली, मग नोकरी सोडून वर्ध्यात कचेरी थाटली. जमिनीचे, भाऊबंदकीचे दावे ते घेत नसत. फक्त बांधकामाचे घेत. घराला तडे गेले, ठेकेदारानं काम अर्धवट सोडलं, ठरल्यापेक्षा लहान खोली बांधली, शेजाऱ्यानं पाया खणला आणि आपली भिंत कलली, अशी माणसं त्यांच्याकडे येत. सुरुवातीला लोक हसले. एवढ्याशा वर्ध्यात नुसत्या विटा-सिमेंटच्या भांडणांवर कोणाचं पोट भरतं का, असं म्हणत. पण चार-पाच वर्षांत हिंगणघाट, पुलगाव, आर्वीहून माणसं येऊ लागली. त्याचं कारण प्रभाकरराव कागद वाचून थांबत नसत. पायजमा वर खोचून, मला खांद्याला अडकवून ते थेट जागेवर जात.

ती माझी उमेदीची वर्षं. उन्हातान्हात किती भिंती मोजल्या त्याला गणती नाही. आनंदाबाई नावाच्या एका म्हातारीची खोली ठेकेदारानं एक फूट लहान बांधली होती आणि तिलाच वेड्यात काढत होता. मी एकदाच लागलो आणि तो गप्प बसला. आनंदाबाईंनी माझ्या पेटीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "खरं बोलणारा भेटला बाप्पा एक." दर दसऱ्याला कायद्याच्या पुस्तकांशेजारी माझीही पूजा होई. प्रभाकरराव कौतुकानं सगळ्यांना सांगत, "माणूस चुकते, टेप नाई चुकत." ते ऐकून मी फुगून जात असे.

१९९७ च्या दिवाळीआधी माझी कडी निखळली. तिचं चामडं कुजलं होतं. कचेरीतले कारकून कैलासभाऊ मला घेऊन स्टेशनजवळ बसणाऱ्या चिंधू मोच्याकडे गेले. चिंधूनं नवं चामडं लावून कडी पक्की शिवली. मग मला हातात धरून तो जरा विचारात पडला.

"भाऊ, चमडा नवा लावला, पण कडी तीन बोटं भाईर गेली जी. उसवून पुन्हा शिवू का?"

कैलासभाऊंची गावाकडची गाडी सुटायला आली होती. "राहू दे," ते म्हणाले. "पक्की बसली ना? मंग झालं."

मित्रांनो, तीन बोटं म्हणजे पाच सेंटिमीटर. आता भिंतीला कडी टेकवली की माझं शून्य भिंतीपासून तीन बोटं दूर राही. मी जे काही मोजीन ते दर वेळी दोन इंच कमी दिसणार होतं. मला ते त्याच दिवशी कळलं. पण मला तोंड नाही. मी फक्त आकडे दाखवू शकतो, आणि आता माझे आकडेच खोटे झाले होते.

लांब कुंपणं आणि तड्यांच्या कामांत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. दोन इंचांनी तिथं काही बिघडतही नव्हतं. पण पुढच्याच वर्षी महादेवरावांचं प्रकरण आलं.

वर्ध्यापासून वीसेक किलोमीटरवर त्यांचं गाव. लहान ठेकेदार होते. गावातल्याच शाळेच्या तीन खोल्या त्यांनी बांधल्या होत्या. आपल्या गावचं काम म्हणून रोज स्वतः उभं राहून बांधून घेतल्या. पण काम लांबलं, शाळा समितीशी बोलाचाली झाली आणि समितीला संशय आला की खोल्या लहान बांधल्या आहेत. समिती प्रभाकररावांकडे आली. दोन्ही बाजूंच्या संमतीनं एक निवृत्त इंजिनिअर लवाद म्हणून नेमले गेले. ते मोजायला आले तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगला लांब टेप आहे, हाच लावा."

प्रत्येक खोलीची लांबी सहा मीटर ठरली होती. मी दाखवली पाच मीटर पंच्याण्णव. तिन्ही खोल्यांत तेवढीच.

महादेवराव पुढं आले. पांढरा सदरा, हातावर सिमेंटचे जुने डाग. "साहेब, म्या सोता सूत धरलं होतं. खोली सहा मीटरच आहे. आमी तीन मीटरचा टेप दोनदा लावून पाह्यलं."

"तीनचा टेप दोनदा लावला की फरक येणारच," लवाद म्हणाले.

महादेवराव प्रभाकररावांकडे वळले. "वकीलसाहेब, तुमचा टेप तपासून घ्या न एकदा. एकदाच."

प्रभाकरराव हसले. दुष्टपणानं नव्हे, मोठ्या विश्वासानं हसले. "महादेवराव, माणूस चुकते, टेप नाई चुकत."

आजूबाजूचे लोकही हसले. मी तिथंच भिंतीला लागून ताणलेला होतो. तुटून पडावंसं वाटलं, पण चिंधूची शिवण पक्की होती.

निकाल महादेवरावांच्या विरुद्ध गेला. प्रत्येक खोलीत दोन इंच चोरले, असं गावभर झालं. सरकारी कामं मिळणाऱ्या ठेकेदारांच्या यादीतून त्यांचं नाव निघालं. आम्ही वर्ध्याला परतलो. कचेरीची कीर्ती आणखी वाढली. त्या वर्षी दसऱ्याला मला झेंडूचा मोठा हार मिळाला. तो मला फार जड वाटला.

पुढची सहा वर्षं मी तसाच राबलो. मग प्रभाकररावांची मुलगी सुरभी वकील होऊन कचेरीत आली. शांत आणि काटेकोर मुलगी. तिनं स्वतःसाठी एक पोलादी टेप घेतला. २००४ च्या डिसेंबरात नालवाडीला एका घराचं प्रकरण होतं. बापलेक दोघं मोजायला गेले. हॉलची लांबी सुरभीनं तिच्या टेपनं मोजली, प्रभाकररावांनी माझ्यानं. फरक आला पाच सेंटिमीटर.

"तुझा टेप सपाट धर," प्रभाकरराव म्हणाले.

तिनं पुन्हा मोजलं. फरक तेवढाच.

कचेरीत परतल्यावर त्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर शेजारी शेजारी पसरलं. पोलादी टेपची कडी आणि माझी कडी एका रेषेत ठेवली. त्याचा एक मीटर जिथं संपला, तिथं माझा अजून संपायचा होता. प्रभाकरराव गुडघ्यांवर बसून शिवणीकडे पाहत राहिले.

"कैलास, हे कधी शिवलं?"

कैलासभाऊंचा चेहरा उतरला. "सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी जी. मोची म्हणत होता तीन बोटं वाढलं म्हून... मले काय मालूम साहेब, एवढं..."

प्रभाकरराव त्यांना रागावले नाहीत. उठून त्यांनी सत्त्याण्णवनंतरच्या सगळ्या फायली काढल्या आणि एकेक तपासली. तीन बोटांनी फिरलेला निकाल एकच होता. शाळेचा. ती फाईल त्यांनी मांडीवर घेतली.

"बाबा, सहा वर्षं झालीत," सुरभी हळूच म्हणाली. "आता कायद्यानं त्यात काही करता येणार नाही. आणि हे बाहेर कळलं तर आपल्या मोजमापावर कोण विश्वास ठेवेल?"

"त्यानं मला एकदा तपासा म्हटलं होतं," प्रभाकरराव म्हणाले. "मी हसलो होतो."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते महादेवरावांच्या घरी गेले. सुरभीही गेली. महादेवराव दुसऱ्याच्या कामावर मुकादम म्हणून गेले होते. घरी त्यांच्या पत्नी सीताबाई होत्या. प्रभाकररावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी कडी दाखवली. सीताबाईंनी ती हातातही घेतली नाही.

"मले कायले सांगता?" त्या म्हणाल्या. "मले तं मालूमच होतं. माह्या नवऱ्याले गावात दोन इंची म्हन्तात. आमच्या सपनाले शाळेत पोट्टे तेच म्हणून चिडवत. बापानं बांधलेल्याच खोलीत बसायची थे. आठवीत घरी येऊन बसली ते पुन्हा गेलीच नाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चोर गावासमोर म्हणलं न तुमी? मंग आता घरात येऊन काऊन सांगून राह्यले? गावात सांगा."

प्रभाकररावांनी हात जोडले आणि मान हलवली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. प्रभाकररावांनी सरपंचांची परवानगी घेऊन बोलायला सुरुवात केली. मी त्यांच्या हातात होतो. मोठमोठ्या वकिलांसमोर न अडखळणारा तो माणूस त्या दिवशी दर वाक्याला थांबत होता.

"हा टेप माझा आहे. याची कडी चुकीची शिवली गेली आणि मी ती तपासली नाही. महादेवरावांनी तपासा म्हटलं, तरी तपासली नाही. त्यांनी चोरी केली नव्हती. चूक माझी आहे. मी तुमच्या सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

सभेत कुजबुज झाली. शाळा समितीतला एक जण उठून म्हणाला, "आता कोण्या टेपावर भरोसा ठेवा मंग आमी?"

"माझ्यावर ठेवू नका," प्रभाकरराव म्हणाले. "तुमच्या गावातल्या कोणीही मोजा."

सुरभीनं पोलादी टेप पुढं केला. लोकांनी महादेवरावांकडे पाहिलं. ते मागं कडुनिंबाखाली बसले होते. ते उठले नाहीत. म्हणाले, "म्या एकदा मोजलं होतं. आता मी नाई मोजत."

तेव्हा बायकांमधून एक मुलगी उठली. एकोणीस वर्षांची, डोक्यावर ओढणी घेतलेली. ती सपना होती. तिनं सुरभीच्या हातून टेप घेतला आणि पहिल्या खोलीत शिरली. मागं निम्मं गाव दारा-खिडक्यांशी गोळा झालं. सरपंचांनी एक टोक भिंतीला धरलं. सपना दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, वाकली, आणि मोठ्यानं आकडा वाचला.

"सहा मीटर."

दुसऱ्या खोलीत. "सहा मीटर."

तिसऱ्या खोलीतही तोच आकडा सगळ्यांना ऐकू गेला.

बाहेर महादेवराव अजून झाडाखालीच होते. सरपंच त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्याशेजारी मातीत बसले. एकेक करून आणखी काही जण बसले. शेवटी महादेवरावच म्हणाले, "चहा तं घ्या गा कोनी."

मित्रांनो, पुढं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. प्रभाकररावांनी शपथेवर लिहून दिलं, खेटे घातले, आणि दीड वर्षानं महादेवरावांचं नाव यादीत परत आलं. पण त्यांनी ठेका घेतला नाही. "आता गुडघे राह्यले नाईत," म्हणाले. सुरभीनं सपनाला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला. पहिल्या वेळी ती गणितात राहिली, दुसऱ्या वेळी निघाली. आमच्या कचेरीतून दोन मोठे ठेकेदार आपल्या फायली उचलून नागपूरच्या वकिलांकडे गेले. कैलासभाऊ कित्येक महिने माझ्याकडे पाहत नसत. प्रभाकररावही माझ्यासारखेच थकले. आता बहुतेक कामं सुरभीच पाहते. कोणाच्याही घरी मोजायला गेली की आधी समोरच्या माणसाच्या हातात टेप देते आणि म्हणते, "तुम्ही बघून घ्या, मग लावू." मोजणीला त्यामुळं दुप्पट वेळ लागतो. ती घाई करत नाही.

मला कोणी दुरुस्त केलं नाही, टाकूनही दिलं नाही. दसऱ्याला आता मला हार घालत नाहीत, आणि ते बरंच आहे. मी उन्हात खूप फिरलो, खूप ताणला गेलो. पण त्या कष्टांनी मी इतका थकलो नाही. सात वर्षं मी खोटं सांगत होतो आणि सगळे मला खरं मानत होते, त्यानं थकलो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमची पट्टी, तुमचा तराजू, तुमचं घड्याळ, जे काही तुम्ही दुसऱ्याला लावता, ते नीट जपा आणि अधूनमधून तपासा. आणि कोणी काकुळतीनं म्हणालं, की एकदा तुमचंच माप बघून घ्या, तर हसू नका. खाली बसा आणि बघा.