सात वाजताचा प्रोफेसर

संध्याकाळी सात वाजले की लिफ्टमनचा प्रोफेसर होई.

चौतीस वर्षं एका अकरा मजली कचेरीत त्यानं माणसं वर नेली, माणसं खाली आणली, आणि स्वतः राहिला तो स्टुलावरच. लिफ्टमध्ये माणसं अर्धंच बोलतात. तिसऱ्यावर पेटलेलं भांडण पाचव्यावर उतरून जाई. ‘डॉक्टर म्हणाले की...’ एवढ्यात दार उघडे. पुढे डॉक्टर काय म्हणाले ते आठव्या मजल्याला ठाऊक. असे हजारो अर्धे घास त्याच्या कानात पडले, पण पोट काही भरलं नाही.

म्हणून तर टीव्हीवरच्या ‘सांगा झटकन’वर त्याचा जीव. तिथे प्रश्न विचारला की उत्तर येतंच. मध्येच दार उघडत नाही.

सातला घर टीव्हीपुढे जमे. बायको मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत बसे. मुलगा पंखे-मिक्सर दुरुस्तीचं आपलं दुकान बंद करून येई, सून औषधांच्या दुकानातून. पडद्यावरचा कोटवाला प्रश्न विचारी, आणि त्याचे चार पर्याय वाचून व्हायच्या आत वेताच्या खुर्चीतून उत्तर येई. दहातली आठ बरोबर. सुरुवातीला घर तोंडात बोट घालून बघत राही. ‘प्रोफेसर’ हे नाव सुनेनंच ठेवलं होतं, तेही कौतुकानं.

पण डोक्यावर मुकुट आला की हातात चाबूकही येतो. मुलगा दहावीत दोनदा आपटलेला. त्याच्याकडे वळून म्हातारा रोज म्हणे, “अरे, लिफ्टमनचा मुलगा तू, आणि तळमजल्यालाच अडकलास?” पहिल्या शंभर वेळा मुलगाही हसला. सून एकदा चुकली तर म्हणे, “आमची सूनबाई औषधांची नावं वाचते हो, अर्थ गिऱ्हाइकानं लावायचा.” बायकोनं एकदाच, चुकून, त्याच्या आधी उत्तर दिलं होतं, “शहामृग.” बरोबर होतं. तो खो खो हसला. “कावळा बसायला आणि फांदी मोडायला! तू शेंगा बघ, शेंगा.” ती शेंगांकडे बघायला लागली, ती कायमचीच.

खरी गोष्ट अशी, की सातचा कार्यक्रम म्हणजे दुपारी दोनचाच शिळा भाग. दोनला घरात चिटपाखरू नसे. बायको शेजारच्या शिवणवर्गात काजं करायला जाई. म्हातारा कडी लावी, जुन्या कॅलेंडरचं पान पाठकोरं मांडीवर घेई, आणि पेन्सिलीनं उत्तरं टिपी. मग डोळे मिटून, आई कामं करताना गुणगुणायची त्या चालीवर, पाठ करी:

उंटाला पापण्या तीन गं, मुंगीला नाही कान,
जिराफाची जीभ काळी, तिला हिरवंच लागे पान...

दुसरी ओळ त्यानं पदरची घातली होती. चालीत बसावं म्हणून. रोज दोन उत्तरं मुद्दाम चुकवायची, हेही त्याचंच. दहापैकी दहा आली की माणसाला संशय येतो.

एके दिवशी तो सलूनातून दाढी करून आला, कडी लावली, दोन वाजले, अडीच वाजले, आणि पाठांतर रंगात आलं असताना आतल्या खोलीतून खोकला आला.

दारात सून उभी. अंगाला चादर, डोळे तापानं लाल.

“बाबा, पाणी हवं होतं.”

“तू... तू कधी आलीस गं?”

“बारालाच. कणकण होती.” तिची नजर त्याच्या मांडीवरच्या पानावर एक क्षण टेकली आणि उठली. “तुमचं चालू द्या.”

त्यानं पान खुर्चीच्या गादीखाली सरकवलं. पाणी त्यानंच आणून दिलं, पेला गच्च भरून, खाली सांडत. त्या संध्याकाळी त्यानं तीन उत्तरं चुकवली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस गेले तेव्हा त्याला वाटलं, पोरीला कळलंच नसावं, ताप होता. नवव्या दिवशी त्यानं मुलाला पुन्हा तळमजल्यावर बसवलं.

दहाव्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, जरा माझ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात चला.”

“आता? दीड वाजलाय.”

“तीनला बंद होतं ते.”

“मुलाला ने ना.”

“मला तुम्ही हवेत,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत असं वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. त्यानं चपला घातल्या.

दुकानात तिनं चौदा चौकटी घालून पाहिल्या. प्रत्येक वेळी वळून विचारी, “हा कसा दिसतो?” भिंतीवर चष्म्यांच्या रांगेत घड्याळ टिकटिकत होतं. दोन. सव्वादोन. पावणेतीन. पण सातव्या-आठव्या चौकटीपाशी त्याला उगाच बरं वाटलं. बायको आपल्याला विचारतेय. तो म्हणाला, “हा शोभतो तुला.” तिनं तो काढून ठेवला. शेवटी काहीच न घेता ती उठली. “जुनाच बरा आहे. मला दिसायचं ते दिसतं.”

घरी परतेपर्यंत साडेतीन. आणि सातला घरात पाहुणा: व्याही, सुनेचे वडील, निवृत्त हेडमास्तर. व्याह्यांना आजच का बोलावलं, असं त्यानं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, “त्यांना प्रोफेसर बघायचेत.” आणि स्वतः उठून आवाज मोठा केला.

“काय व्याही,” हेडमास्तर बिस्किट चहात बुडवत म्हणाले, “तुमची कीर्ती फार ऐकली!”

कोटवाल्यानं विचारलं, कोणत्या ग्रहावरचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?

चारही माणसं पडद्याकडे नाही, वेताच्या खुर्चीकडे बघत होती.

“गुरू,” तो म्हणाला.

“शुक्र,” हेडमास्तर हळूच म्हणाले. पडद्यानंही तेच सांगितलं.

दुसरा चुकला. तिसऱ्याला तो म्हणाला, “आज जरा डोकं दुखतंय.” चौथ्याला त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. सून म्हणाली, “बाबा, नावं वाचलीत ना? मग अर्थ लावा की.” पाचव्याला मुलगा खुर्चीजवळ आला, वाकला, आणि लिफ्टमन चौतीस वर्षं ज्या आवाजात म्हणत आला त्याच आवाजात म्हणाला,

“तळमजला. उतरा, बाबा.”

सगळी हसली. हेडमास्तरांचं बिस्किट कपात तुटून पडलं, इतके हसले. मग मुलानं खुर्चीतल्या गादीचा कोपरा उचलला, कॅलेंडरची पानं काढली आणि व्याह्यांच्या हातात दिली. ती त्यांनी वही तपासावी तशी चाळली. “अक्षर सुधारायला हवं,” म्हणाले.

म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती.

तेव्हा आठवा प्रश्न आला. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला तोल राखायला जे वजन असतं, ते साधारण कशाएवढं ठेवतात?

त्याचा हात आपोआप उठला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुठे टिपलं नव्हतं. रोज तो वर जाई तेव्हा ते भिंतीआड खाली जाई, आणि तो खाली येई तेव्हा ते वर. कुणाला न दिसता, चौतीस वर्षं.

“लिफ्टचा रिकामा पाळणा,” तो म्हणाला, “आणि वर माणसांचं निम्मं वजन. सगळ्यांचं नाही. निम्मंच.”

पर्याय आले. उत्तर तेच निघालं.

“हा प्रश्न कुठे पाहिलात?” मुलानं विचारलं. “आई, तुला म्हटलं होतं ना, नजर हलवू नकोस.”

“दिवसभर माझ्यासमोर होते.”

“मग मोबाइलवर पाहिलं असेल.”

“अरे, मी लिफ्टमन होतो!” म्हातारा ओरडला. आवाज चिरकला, आणि त्या चिरकण्याला पुन्हा हशा पडला.

बायकोनं ताटातला कचरा एका बाजूला सारला. “जाऊ दे रे,” ती म्हणाली. “कावळा बसायला आणि फांदी मोडायला.”

पुढे कधी तो खुर्चीतून उठून गेला नाही; उठून जाईल कुठे? सातला घर जमतं, आता तर शेजारीही येतात. प्रोफेसर उत्तर देतो: उंटाला पापण्या अकरा. सगळ्यात मोठा पक्षी कोणता? कोंबडा. घर पोट धरून हसतं, मुलगा त्याला चहा आधी देतो. चुकून एखादं बरोबर आलं तर मात्र हसू थांबतं, आणि सगळे गादीकडे बघतात.

म्हणून तो अजून रोज दोनला कडी लावतो आणि पाठ करतो. बरोबर उत्तर पक्कं ठाऊक असल्याशिवाय ते चुकवायचं कसं?