पायी जायचं म्हणजे सुरी हवी

"सुरी-चाकूत मला फसवणारा माणूस रत्नागिरीत अजून जन्माला यायचाय," असं म्हणत हरिश्चंद्राने बाजारातला घडीचा चाकू झोकात उघडला. तितक्याच झोकात तो चाकू त्याच्या अंगठ्यावर मिटला.

दुकानदाराने चिंधी दिली आणि म्हणाला, "धार बरी आहे ना पण?"

घरी कमळाने हळद दाबली. "अहो, कशाला हवाय चाकू? भाजी मी चिरते."

"गुहागरला पायी जायचं म्हणजे खायचं काम आहे? वाटेत सुरी लागते. आणि ती न मिटणारी लागते. घडीच्या चाकूवर माझा विश्वास उडालाय."

"अंगठाही थोडा उडालाय," कमळा म्हणाली.

आता हा सरकारी कचेरीतला कारकून, एसटी सोडून गुहागरला पायी का निघाला होता, तर त्याला कारण होतं त्याची आत्या. त्र्याऐंशीच्या श्रावणात कमळाचे दिवस भरले, माहेरचं कुणी यायला नव्हतं, आणि दरड कोसळून एसटी बंद. तेव्हा यमुनाबाई आत्या साठी उलटलेली असताना गुहागराहून चालत आली. हातात एक छत्री, काखेत एक बोचकं. आली ती थेट चुलीपाशी, पाणी तापत ठेवायला. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. या गडबडीत आत्येचे आभार मानायचे राहिले. ती परत गेल्यावर हरिश्चंद्राने गणपतीसमोर नारळ ठेवला आणि सांगितलं, ती चालत आली, मीही चालत जाईन आणि तिच्या पाया पडेन.

आता माघ लागला होता, आणि गुहागराहून निरोप आला होता की आत्येचा मुलगा भागोजी तिला मुंबईला कायमची घेऊन चाललाय. पौर्णिमा झाली की निघणार. म्हणजे जायचं तर आत्ताच. आणि सुरीचा पत्ता नाही.

"गावात प्रत्येक माणूस कमरेला कोयती लावून फिरतो," कमळा म्हणाली. "तीच घ्या एक."

"कोयती आगरात शोभते. मी प्रवासाला चाललोय."

मग तो गेला शेजारच्या गंगारामकडे. गंगाराम बोटीवर भंडारी होता, म्हणजे आचारी, आणि बोट सोडताना तिथल्या बऱ्याच सुऱ्या त्याच्याबरोबर निवृत्त झाल्या होत्या. त्याने एक लांब सुरी काढली.

"जर्मन आहे. दोरखंड एका घावात."

"बघू," हरिश्चंद्र म्हणाला आणि समोर दिसली ती दोरी एका घावात तोडली. ती कमळाची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होती. लुगडी, चादरी, बाळाची लंगोटं, सगळी तांबड्या मातीत.

"धार आहे," गंगाराम म्हणाला.

"आवाज करू नकोस. ती आत आहे."

दुसरी सुरी त्यांनी नारळावर मारून पाहिली. पातं नारळात राहिलं आणि मूठ हरिश्चंद्राच्या हातात. गंगारामने मुठीत डोळा घालून पाहिलं. "पातं बोटभरच आत होतं रे. बाकी लाख भरलेली."

"तेच सांगतोय मी. पातं मुठीतून आरपार पाहिजे. एकजीव."

"तुला सुरी हवी की बायको?" गंगाराम म्हणाला.

शेवटी लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्यातून सुरी घडवून घेतली. पातं मुठीतून आरपार, त्यावर शिसवी मूठ, पितळी रिबिटी. म्यान चपला शिवणाऱ्याने शिवलं, त्यामुळे त्याला टाचेचा आकार आला. सुरी अशी झाली की दगडावर आपटली तर दगडाची काळजी वाटावी. पण ती पट्ट्याला लावली की पँट खाली यायची. पँट धरून चालायचं किंवा सुरी धरून चालायचं, असे दोनच मार्ग उरले.

"पौर्णिमा परवावर आली," कमळा म्हणाली. "आता निघा. सुरीला घेऊन निघा नाहीतर सुरीला सोडून निघा."

तो भल्या पहाटे निघाला. एका हातात पँट, दुसऱ्या हातात आत्येसाठी लुगड्याचं पुडकं. बसायला गेला की म्यान कमरेत टोचायचं, म्हणून जयगडपर्यंत तो बहुतेक उभ्यानेच दमला. सुरी काढायची वेळ मात्र एकदाही आली नाही. शहाळं हवं म्हटलं की कुणीतरी कोयतीने तासून शहाळं पुढे करायचं. फणसाच्या काट्यांइतके पाहुणचाराचे हात, आणि प्रत्येक हातात आधीच धार.

जयगडच्या खाडीत तरीची होडी अर्ध्यावर आली आणि एका तुटक्या जाळ्याची दोरी सुकाणूला गुंडाळली. तरीवाला केरू म्हणाला, "सुरी हाय काय कोणाकडं?"

हरिश्चंद्राच्या जन्माचं सार्थक झालं. त्याने सुरी उपसली. उतारू मागे सरकले. केरूने हात पुढे केला आणि झटक्यात मागे घेतला.

"हातात नको. भांडान होईल तुमचं-आमचं. खाली ठेवा, मी उचलतो."

धारेचं हत्यार हातातून हातात देऊ नये, हे हरिश्चंद्राला काय ठाऊक नव्हतं? आत्येनेच शिकवलं होतं. त्याने सुरी होडीच्या काठावर नीट, मूठ केरूकडे करून ठेवली. एक छोटी लाट आली. सुरीने म्हणण्याजोगा आवाजही केला नाही.

दोघेही पाण्याकडे बघत राहिले. मग केरूने वल्ह्याने दोरी ढकलली, ती आपोआप सुटली. भांडण मात्र झालं नाही. भांडायला निमित्तच तळाला गेलं होतं.

"लय लांबून आलाव?" केरूने ओशाळून विचारलं.

"रत्नागिरीहून. गुहागरला आत्येकडे."

"यमुनाबाय काय? छत्रीवाली?" केरूने वल्हं थांबवलं. "श्रावणात तरीची होडी बंद व्हती. वारा असा सुटलेला. ही धक्क्यावर बसली. म्हनली, भाचेसून अडलेय, तू नाय नेलंस तर पोहत जाते. मी म्हटलं, बाय, बस. हिच्यापरीस खाडी बरी."

हरिश्चंद्राला सुरीचं दुःख करायचं होतं, ते जमेना. या माणसाने आत्येला पलीकडे नेलं नसतं तर घरात काय झालं असतं, हे त्याला आत्ता उमगलं. त्याने केरूला वाकून नमस्कार केला. होडी डुलली, दोन उतारू ओरडले.

पुढे पँट कमरेवर राहिली आणि वाट हलकी झाली. हेदवीत आनंदीबाई नावाच्या बाईंनी रात्री ओटीवर पथारी घातली. "तुझी आत्या? चिखलात पडलेली. लुगडं धुऊन देते म्हटलं तर थांबायला तयार नाही. ओल्यानेच गेली, भाकरी चालता चालता खाल्लीन." त्यांच्याही तो पाया पडला. वाटेत ज्याने ज्याने आत्येला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, त्या सगळ्यांच्या पाया पडत गेल्यामुळे त्याला आणखी उशीर झाला.

गुहागरच्या स्टँडवर तो पोचला तेव्हा मुंबई गाडी घरघरत होती. खिडकीत आत्या.

"आत्ये!"

"कोण, हरी?" ती लोकांच्या पिशव्यांवरून पाय टाकत खाली उतरली. "पाय केवढे सुजलेत रे. चालत आलास काय?"

"हो."

"एसटी सुरू झाली ना?"

"झाली."

"मग?"

"तू चालत आलीस म्हणून."

"मला गाडी नव्हती, मेल्या. तुला अक्कल नाही." पण तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला. "पोर काय म्हणते?"

"दोन दात आलेत. आत्ये, तेव्हा बोलायचं राहून गेलं."

"बोल की मग."

त्याने पुडकं खाली ठेवलं. तो वाकला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून राहिला. तीही घाई करेना, केसांतून बोटं फिरवत राहिली. दोघांनाही आजूबाजूचं भान नव्हतं.

मागे घंटी वाजली आणि गाडी सुटली. टपावर आत्येची ट्रंक होती, आत भागोजी झोपला होता.