टाकीतला सुस्कारा

होटगीच्या अलीकडच्या चढावर मानसिंगचा जुना पिकअप सलग तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि अर्ध्या तासात तिथं दीडदोनशे माणूस गोळा झालं. मागं टोमॅटोचे क्रेट उन्हात तापत होते, पण मालाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. जो तो डिझेलच्या टाकीला कान लावायला धडपडत होता. टाकीतून मधूनच 'टण्ण' असा आवाज यायचा, कुणी आतून पत्र्यावर बुक्की मारावी तसा.

"बसलीया आत," शरणप्पा महाराज म्हणाला. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात चाबूक. "सात हिरींचं पानी पिऊन आलीया. आता डिझेल पितीया. पन ह्या शरणप्पाम्होरं तिची मात्रा चालायची न्हाय."

डिझेल पिणारं भूत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण विचारतो कोण? महाराजानं आधी मानसिंगच्या पाठीवर तीन चाबूक ओढले. भुताची वाट म्हणे मालकाच्या अंगातून जाते. शर्ट फाटला, वळांतून रक्त आलं. मानसिंगनं ओठ चावून सोसलं. मग महाराजानं डोळे मिटले आणि टाकीचं झाकण सावकाश फिरवलं.

'हुस्सस्स...'

लांब, थकलेला सुस्कारा. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर पडली. बायांनी पोरांचे डोळे झाकले.

"ग्येली भाईर. मार आता स्टार्टर."

दोनचार घरघरींत इंजिन लागलं. गर्दीनं हात जोडले.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण महाराजानं लिंबू कापून फेकलं. एक फोड चढावरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबली.

"गाडी रोज हितंच का आडती?" त्यानं विचारलं. "सोडणारी कोन हाय, ते लिंबानं दावलं."

टपरी बजाबाईची. पन्नाशीची विधवा. काविळीच्या एका पोराला महाराजाचा अंगारा लावायला चाललेल्या आईला तिनं बखोट धरून दवाखान्यात नेलं होतं. पोर वाचलं. तेव्हापासून ती महाराजाच्या डोळ्यात सलत होती.

मानसिंगची पाठ जळत होती, तीन दिवसांचा माल सडला होता आणि कानात अजून तो सुस्कारा होता. त्यानं सीटखालून चाक काढायची लोखंडी टॉमी उपसली.

"काकी, का केलंस?"

"येडा झालास काय रं, मानसिंग? मी चहा करती. दुसरं काय येतंय मला?"

तिनं हात आडवा धरला. टॉमी कोपराच्या खाली बसली. हाड मोडल्याचा आवाज टाकीच्या आवाजापेक्षा स्पष्ट होता.

पुढं कुणाचाच हात थांबला नाही. केसांना धरून तिला रस्त्यावर ओढलं. उकळतं आधण पायांवर ओतलं. धोंडे पडले. तिचं ओरडणं थांबलं तरी लाथा थांबल्या नाहीत. अखेर गर्दीत अडकलेल्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरले, मार खात तिच्यापर्यंत पोचले आणि तिला गाडीत घालून सोलापूरच्या सरकारी दवाखान्याकडं निघाले.

मानसिंगची थोरली बहीण महानंदा सोलापुरात आयटीआयमध्ये डिझेल इंजिनचं काम शिकवायची. संध्याकाळी ती गावात आली. भावाच्या पाठीकडं तिनं एकदाच पाहिलं.

"बजाकाकीला पहिल्यांदा तू मारलंस?"

"भूत हुतं, अक्का. मी माझ्या कानानं ऐकलं."

"डिझेल कधी भरतोस?"

"रोज सकाळी, पंपावर. तोंडापर्यंत. महाराजानं सांगितलंय, टाकी भरल्याबगार गाव सोडू नगं. अमावास्येला गाडीची पूजाबी केली त्यानं. झाकणाला शेंदूर लावला."

महानंदानं झाकण काढून नखानं शेंदूर खरवडला. खाली मेण होतं. मेणाखाली सुईएवढं भोक.

"टाकीला श्वास लागतो," ती म्हणाली. "डिझेल खर्च झालं की तेवढी हवा ह्या भोकातनं आत यायला पाहिजे. भोक बुजलं की आतली हवा विरळ होते, इंजिनाचा पंप ओढून ओढून थकतो, पण डिझेल येत नाही. पत्रा आत खेचला जातो, तो टण्ण. झाकण उघडलं की हवा घुसते, तो सुस्कारा. बाहेर कुणी पडलं नाही, मानसिंग. हवा आत गेली."

"मग काकीच्याच टपरीपाशी का?"

"टाकी तोंडापर्यंत भरली की आत हवा थोडीच उरते, म्हणून ती रोज तेवढ्याच अंतरावर विरळ होते. पेट्रोलपंपापासून तिथवर बारा किलोमीटर. तिथं चढ लागतो, इंजिन जास्त डिझेल मागतं. उद्या सगळ्यांना दाखवू."

सकाळी तिनं भोक पुन्हा मेणानं बुजवलं, पंपावर टाकी भरली आणि पिकअप उलट्या दिशेनं नेला. मागं मोटारसायकलींवर गाव. महाराजही आला, न येऊन भागणार नव्हतं. दहाबारा किलोमीटरवर एका चढाला गाडी आचके देत बंद पडली. तिथं ना टपरी होती, ना बाई. नुसत्या बाभळी.

"हितं कुणी करणी केली?" महानंदानं विचारलं. तिनं म्हाताऱ्या गुरप्पाला झाकण उघडायला लावलं. मंत्र नाही, चाबूक नाही.

'हुस्सस्स...'

इंजिन लागलं. मग मेण काढून, टाकी पुन्हा भरून ती बजाबाईचा चढ तीनदा चढली. गाडी एकदाही अडली नाही.

"ह्यो शरणप्पा धा वरसं ट्रकवर किन्नर हुता की, डायवरच्या हाताखाली गाडी पुसायचा, डिझेल भरायचा," गुरप्पा हळूच म्हणाला.

मग कालच्याच हातांनी धोंडे उचलले. कुणी महाराजाचा चाबूक हिसकून त्याच्याच तोंडावर ओढला. तो पडला, दात रक्तात भिजले. मानसिंग टॉमी घेऊन धावला. महानंदा मध्ये उभी राहिली.

"खाली ठेव."

"त्यानं मला फसवलं, अक्का."

"त्यानं भोक बुजवलं. हात तुझा होता. आज ह्याला मारलंस तर कालच्यात नि आजच्यात फरक काय?"

टॉमी त्याच्या हातून गळाली. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली शरणप्पाला घेऊन निघाले. मानसिंग हवालदारापुढं जाऊन उभा राहिला. "पहिला घाव माझा हुता. माझंबी नाव लिवा."

ठाण्यात नेण्याआधी त्यांनी त्याला दवाखान्यात ओळख पटवायला नेलं. बजाबाईचा हात प्लास्टरमध्ये होता, पायांना पट्ट्या.

"मेण त्यानं लावलं, ते कळलं मला," ती म्हणाली. "पन तू मला ल्हानपनापासनं वळकतूस. लोखंडाची टाकी तुला खरी वाटली, मी न्हाय."

मानसिंग हवालदारामागं ठाण्याकडं निघाला.

अद्भुत काही दिसलं तर नवल जरूर करावं, माणसाचा तो स्वभावच आहे. पण हात जोडण्याआधी आणि हात उगारण्याआधी 'हे होतं कसं?' एवढं तरी विचारावं. बजाबाईचा मोडलेला हात पुन्हा सरळ झाला नाही. आणि तो वाचवायला लागणारा प्रश्न त्या दोनशे जणांपैकी कुणालाही विचारता आला असता.