सतरा नंबरचं बेट

कपाटातून एकंदर एकसष्ट वस्तू निघाल्या. व्हिडिओ गेमच्या कॅसेट एकेचाळीस, गेमची यंत्रं दोन (एक चालू, एक बंद), आमच्या घरी ज्यांना रिमोट म्हणतात ती बटणांची खेळणी पाच, वायरी सात, अॅडॅप्टर दोन, माहितीपुस्तिका तीन आणि निळ्या पुठ्ठ्याची वही एक. वाळलेली पाल धरली तर बासष्ट.

"पालही लिही," बाबा दारातून म्हणाले. "शास्त्रज्ञबाई, एकदा नोंद करायची तर सगळ्यांची करा."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. नऊ दिवसांनी, सोमवारी, घरात रंगारी येणार होते आणि त्याआधी माझ्या खोलीतलं ते जुनं लोखंडी कपाट रिकामं व्हायला हवं होतं. "फेकायचं ते फेक, ठेवायचं ते ठेव, पण जमिनीवर दुकान मांडून बसू नकोस," असं सांगून ते गेले आणि मी जमिनीवर दुकान मांडून बसले.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांवर नंबर टाकायचे, तक्ते भरायचे. त्यामुळे घरीही हात आपोआप तेच करू लागले. एकेका कॅसेटच्या पितळी दात्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, पाठीवर नंबर चिकटवायचा, यंत्रात घालून चालते का पाहायचं, वहीत लिहायचं. प्रत्येक कॅसेटला दोन मिनिटं असा माझा हिशेब होता. पहिल्या सात कॅसेट पंधरा मिनिटांत झाल्या. आठव्या कॅसेटला एक तास दहा मिनिटं लागली. त्यात एक छोटं विमान ढगांच्या वरून जायचं, आणि ढग संपेचनात. मी फक्त ढग कुठे संपतात ते बघत होते. बाहेर दुपार कलली, भिंतीवरचं ऊन पलंगावर आलं, पलंगावरून खाली उतरलं, आणि माझे अंगठे नऊ वर्षांपूर्वी जसे हलायचे तसेच हलत होते. ते काही विसरलेच नव्हते. मीच विसरले होते.

सतरा नंबरची कॅसेट मात्र मी यंत्रात घातली नाही. ती आईची होती.

आई दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. कवळ्या बनवते, दातांना घालायच्या तारा वाकवते, त्यांना डाग देते, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडते. माझ्या लहानपणी ती साडेपाचला घरी आली की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि बेटावर जायची. खेळ असा होता की तुम्हाला एक रिकामं बेट मिळतं. तिथे झाडं लावायची, वाटा करायच्या, हळूहळू कोणी कोणी राहायला येतं. जिंकणं नाही, हरणं नाही. कॅसेटमध्येच एक घड्याळ होतं, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळ झाली की तिथेही संध्याकाळ व्हायची. समुद्राला तीनच रंग होते, पण दिवे लागायच्या वेळेला तिसरा रंग यायचा तेव्हा आई रिमोट मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची.

ही कॅसेट कोणीतरी परदेशातून आणलेली, तिसऱ्या-चौथ्या हातची होती. त्यातली अक्षरं आम्हा कोणालाच वाचता येत नव्हती. म्हणून आईने निळी वही केली. एक चिन्ह काढायचं, समोर आपला अंदाज लिहायचा. 'पाऊस (बहुतेक).' 'ये.' 'रागावलाय?' एक बगळा पत्रं आणून टाकायचा. ती आई मोठ्याने वाचून दाखवायची, सरळ आपल्या भाषेत, न अडखळता. किनाऱ्यावर एक कोळी राहायचा, त्याला आम्ही टोपीवाला म्हणायचो. त्याचं पत्र आई नेहमी थोडं कुरकुरत वाचायची. तो तसाच बोलत असणार याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

माझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी आईने सगळं गुंडाळून या कपाटात ठेवलं. "तुझं होऊ दे, मग काढू," म्हणाली. माझी परीक्षा झाली. मग पुढची झाली. मग कॉलेज. कोणी कोणाला काही म्हणालं नाही आणि नऊ वर्षं झाली.

जुन्या कॅसेटमध्ये खेळाची आठवण एका बटणाएवढ्या बॅटरीवर टिकून असते. नवी असताना तीन व्होल्टच्या थोडं वर. दोनच्या खाली गेली की आठवण पुसली जाते, परत येत नाही. एकेचाळीसपैकी अकरा कॅसेटमध्ये अशी बॅटरी होती. स्क्रू काढून मी प्रत्येकीला मीटर लावला. चार केव्हाच मेलेल्या, सहा ठणठणीत. सतरा नंबर : २.४९.

म्हणजे बेट अजून होतं. आणि जायच्या वाटेवर होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"अगं, अजून आहे?" ती म्हणाली. हात थांबले. "घड्याळसुद्धा चालू असेल तिथलं?"

"असणार."

"मग तिथे नऊ वर्षं झाली."

"हो."

"अरे देवा. गवत केवढं वाढलं असेल."

"बॅटरी बदलायची," मी म्हणाले. "नवी बॅटरी आधी बाजूने जोडून ठेवायची, म्हणजे वीज खंडित होत नाही. मग जुनी काढायची. दोन ठिकाणी डाग द्यावा लागेल. तो तू देशील. माझा हात तेवढा स्थिर नाही."

"बघू," आई म्हणाली.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही नसतं आणि होही नसतं. रविवारी मी विचारलं, तिला डोकं धुवायचं होतं. सोमवारी तिला उशीर झाला. मंगळवारी ती म्हणाली, "काय गं मागे लागलीस, नऊ वर्षं टिकलं ना, चार दिवस टिकेल." पण जेवताना मध्येच म्हणाली, "डाव्या हाताला सहा झाडं लावली होती मी. ती आता आभाळाला लागली असतील."

"खेळातली झाडं एका उंचीनंतर वाढत नाहीत."

"तुला काय माहीत? नऊ वर्षं कोणी थांबून पाहिलंय?"

बाबा म्हणाले, "त्या कोळ्याचं लग्न झालं असेल."

"त्याला कोण मुलगी देतंय," आई म्हणाली.

त्या दिवसांत मला कामावरही ते बेट दिसायचं. बाटलीतल्या पाण्यात थेंब सोडला की रंग पसरत जातो, तसा तो तिसरा रंग मनात पसरायचा. कोणी बघत नसताना दिवे लागत असतील का, बगळा रोज पत्रं आणून दाराशी ठेवत असेल का, आणि नऊ वर्षांची पत्रं म्हणजे किती? रोज एक धरलं तर तीन हजार दोनशे ऐंशीच्या पुढे. दार उघडणार नाही एवढा ढीग. कॅसेट घालून बघायला एक मिनिट लागलं असतं. पण कपाटात ठेवली आईने होती, काढायची तिनेच.

मी फक्त मोजत होते. रोज सकाळी सात वाजता, कामाला जायच्या आधी. २.४९, २.४८, २.४८, २.४६, २.४५, २.४५. सहा बिंदूंचा आलेख काढून फ्रिजवर लावला. आईने तो पाहिला आणि दूध काढून फ्रिज बंद केला. अशा बॅटऱ्या शेवटी शेवटी एकदम कोसळतात, म्हणून नुसत्या सरळ रेषेवर माझा विश्वास नव्हता. गुरुवारी संध्याकाळी मी तीस नंबरच्या कॅसेटवर एक प्रयोग केला. तिच्यातली बॅटरी मेलेली होती. ती काढून बाहेरून नवी जोडली आणि आठवण जपायला किती करंट लागतो ते मोजलं. त्यासाठी मीटरची लाल वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घालावी लागते, अँपिअरच्या. मोजमाप छान आलं. मी खूश होऊन लिहून ठेवलं आणि झोपले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी नेहमीसारखी सतरा नंबरला मीटरची टोकं लावली.

०.०९.

मला वाटलं, कोसळली. टोकं नीट बसली नसतील म्हणून घट्ट दाबून धरली. एक, दोन, तीन, चार सेकंद. ०.०७. मग आकड्याशेजारचं अँपिअरचं अक्षर दिसलं. लाल वायर रात्रभर अँपिअरच्याच भोकात होती. तशा मीटरने बॅटरीची दोन टोकं जोडणं म्हणजे मध्ये सरळ तार टाकणं. आठवणीसाठी काहीच उरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगतात. मी स्वतः दोन जणांना सांगितलं आहे.

मी टोकं काढली. मग आईकडे गेले. ती ओट्याशी उभी राहून डबे भरत होती.

"आई, मी बेट घालवलं बहुतेक."

तिने मागे वळून पाहिलं. मी सगळं सांगितलं, वायर, भोकं, चार सेकंद. तिने डब्याचं झाकण लावलं. हात पुसले आणि म्हणाली, "लाव टीव्ही."

कॅसेट तिनेच घातली. बटणही तिनेच दाबलं. समुद्राचा आवाज आला, तोच. पडद्यावर पूर्वी यायचं ते टेकडीवरचं घर आलं नाही. पाणी आलं, मोकळं, आणि मधोमध एक होडी. खाली एकच ओळ लुकलुकत होती. ती वाचायला वही लागत नव्हती. नवा खेळ सुरू करताना ती येते.

"गेलं," आई म्हणाली.

"हो."

"मी आज बघणार होते. अर्धी रजा टाकली होती."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग इतके दिवस का नाही बघितलंस?" मीच म्हणाले, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

आई होडीकडे बघत होती. "टोपीवाल्याची पत्रं असतील ना," ती म्हणाली. "कुठे गेलीस, का आली नाहीस. काय सांगणार होते मी त्याला?"

"आई, त्याचं पत्र आपण बनवायचो. त्यात काय लिहिलंय ते आपल्याला कधीच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," आई म्हणाली आणि डबा उचलून कामाला गेली.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकोणीस नमुने तपासले आणि प्रत्येकाच्या आधी मीटरची वायर कुठे आहे ते पाहिलं. खरं म्हणजे त्या कामात मीटर लागत नाही. दुपारी साहेब म्हणाले, "काय शोधतेयस?" मी म्हणाले, "काही नाही."

रजा आईने रद्द केली असणार असं मी धरून चालले होते. साडेचारला घरी आले तर माझ्या खोलीच्या जमिनीवर, एकेचाळीस कॅसेटच्या मधोमध, आई चष्मा डोक्यावर चढवून बसली होती. समोर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर उघडलेली सतरा नंबरची कॅसेट. शेजारी तिच्या कामावरची डाग द्यायची कांडी, रुमालात गुंडाळून आणलेली, आणि घड्याळजीकडून आणलेली नवी बॅटरी.

"धर," ती म्हणाली. "प्लेट हलली नाही पाहिजे. श्वास घे, पण नाकाने. कवळी धरतात तशी धर."

"मी कधी कवळी धरलीय?"

"म्हणून तर सांगतेय."

मी धरली. जुनी बॅटरी सुटली. नवीला तिने दोन डाग दिले, दोन्ही मिळून अकरा सेकंदांत, कडेला शिंतोडाही नाही. वितळलेल्या धातूचा थेंब क्षणभर चमकला आणि विझला. मी मीटर हातात घेतला तशी आई म्हणाली, "आधी वायर."

मी वायर पाहिली. बरोबर भोकात घातली. ३.२२.

"फ्रिजवरचा तो कागद काढ," आई म्हणाली. "सकाळी दूध काढायला गेलं की नजर जाते."

पावणेसहाला ती बसली. चहा मीच आणून दिला. होडी किनाऱ्याला लागली, दार उघडावं तसं वाळूचं एक रिकामं बेट समोर आलं. गवत नव्हतं, झाडं नव्हती, कोणीच नव्हतं. यंत्राने आधी वेळ विचारली, ती आईने भिंतीवरचं घड्याळ बघून भरली, मग बेटाचं नाव विचारलं. अक्षरांचा तक्ता आला, आणि आई एकेका चिन्हावरून हात फिरवल्यासारखी पुढे सरकत गेली.

"हे घेते. दाढेसारखं दिसतंय."

"त्याचा अर्थ काही वाईट असला तर?"

"दाढ ती दाढ," आई म्हणाली, आणि ते दोनदा घातलं. "खालची आणि वरची."

बाबा कामावरून आले, बूट न काढताच दारात थांबले. "आज जेवण बेटावर आहे का घरी?"

"श्श," आई म्हणाली. "बगळा येतोय."

बगळा खरंच आला. पहिलं पत्र ठेवून गेला. आईने ते उघडलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. "तू वाच."

"मी?"

"माझा आवाज बसलाय. वाच ना गं."

पडद्यावर तीन ओळी होत्या. मला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं. खिडकीबाहेर दिवे लागले, आणि पडद्यावर समुद्राने तिसरा रंग घेतला. तो खोलीतल्या भिंतींवर, बाबांच्या बुटांवर, आईच्या चष्म्यावर पसरला. मी घसा खाकरला. 'इथे वाळू फार आहे,' मी वाचलं. 'होडीतून उतरताना कोणाचा तरी हात धरा. मी अजून आलेलो नाही, पण येईन. मला टोपी सापडत नाहीये.'

आई हसायला लागली. बाबांनी बूट काढले आणि खालीच बसले. "पुढे काय?" ते म्हणाले. मी पुढचं पान उलटलं आणि वाचत गेले. मग आईने रिमोट परत घेतला आणि डाव्या हाताला पहिलं बी पुरलं.

आई उठली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून चार मिनिटं झाली होती. दोन तास एकोणीस मिनिटं.