वर ठेवलेली पुस्तकं

मी एक जुना ट्रेलर आहे, मित्रांनो. ट्रक-बिक डोळ्यांपुढे आणू नका हं! सायकलीच्या मागे जोडायची मी साधी दोन चाकांची गाडी. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जिन्याखाली तीन वर्षं एकटा उभा आहे.

शेजारच्या मुनिरक्यातल्या एका वेल्डरने मला काशीनाथकाकांसाठी घडवलं. काका मूळचे भंडाऱ्याचे, इथे सरकारी नोकरीत. दर रविवारी ते माझ्यात पुस्तकं भरून बुद्धविहारात न्यायचे. तिथे पोरांची झुंबड उडायची. "किताबवाले अंकल आ गए!" हे ऐकलं की माझा सगळा शीण जायचा.

वेल्डरने काकांना बजावलं होतं: जड सामान तळाला, चाकांच्या जरासं पुढे. वळण मोठं घ्या. ब्रेक आधीच, हळूहळू दाबा, कारण मागून ट्रेलर ढकलतो. काका सगळं पाळायचे.

पण तीन वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या जयंतीला पुस्तकांबरोबर सतरंज्याही न्यायच्या होत्या. काकांनी सतरंज्या तळाला घातल्या आणि ग्रंथांची जड पेटी वर चढवली.

दीपमालाकाकू म्हणाल्या, "अहो, पेटी खाली घ्या ना."

"अगं, बाबासाहेबांचे ग्रंथ सतरंज्यांखाली? लोक पाय ठेवतात त्यावर! बिल्कुल नाही."

निघालो. मी सारखा डुलत होतो, पण सांगणार कसा? कोपऱ्यावर मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी घाईने वळवलं. माझं आतलं चाक उचललं, मी उलटलो आणि सायकलीलाही घेऊन पडलो. काकांचं मनगट मोडलं. तरी ते दुसऱ्या हाताने रस्त्यावरचे ग्रंथ गोळा करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही गाडी आता नकोच," काकू रडत म्हणाल्या. झालं! रविवारची पुस्तकं बंद. पोरांनी महिनाभर विचारलं, मग विचारेनाशी झाली. माझ्यात कुणी तुटके झाडू टाकले, कुणी रंगाचे रिकामे डबे. चाकांतली हवा गेली. दोष माझ्या माथी आला याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू! पण रविवारी सकाळी काका नजर चुकवून जिना उतरायचे, ते जास्त लागायचं.

काल काकांनी क्वार्टर सोडलं. निवृत्त झाले ना. सामान ट्रकमध्ये चढलं आणि ते जिन्याखाली वाकले. माझ्यातले झाडू काढले, दांड्यावरून हात फिरवला.

"तुझं काही चुकलं नव्हतं रे," ते म्हणाले. "भरण्यात मीच चुकलो."

"अहो, चला ना, ट्रकवाला ओरडतोय!" काकूंनी हाक मारली. ते गेले. ट्रकमध्ये माझ्यापुरती जागा नव्हती.

मित्रांनो, जड ते तळाला ठेवा, मग ते कितीही मानाचं असो. पुस्तकाचा मान ते पोरांच्या हातात पोहोचण्यात आहे. आणि चूक आपली असली तर लवकर कबूल करा. काकांनी कबूल केली, तेव्हा मला पुन्हा सायकलीला जोडणारं इथे कुणी उरलंच नाही.