भागिरथीचं अक्षर

भिंगारच्या लष्करी डेपोत रंगनाथ स्टोअरकीपर होता. जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, असा तिथला नियम. झाडू हवा? बुडखा आणा. बल्ब हवा? उडालेला दाखवा. बावीस वर्षांत हा नियम त्याच्या अंगात असा मुरला, की संध्याकाळी तो सायकलवरून त्याच्यासोबत घरीच यायचा.

एक्याण्णव साली त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : 'उद्दिष्ट – दीड गुंठा जागा. साठ हजार. मार्च सत्त्याण्णव.' खाली तांबडी रेघ. रोजचा खर्च बायकोनं, भागिरथीनं लिहायचा. रविवारी यानं तपासायचा.

भागिरथी सातवी पास, अक्षर बारीक आणि देखणं. चपला हव्या झाल्या की ती फाटक्या पुढं ठेवी. लुगडं हवं असलं तर जुन्याचं आधी पोतेरं व्हावं लागे. तिची तक्रार नव्हती. जागा तिलाही हवी होती. दारात लिंबोणी लावायची होती.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर ती म्हणाली, "अहो, मला नीट दिसंना. डॉक्टरला दाखवू. चष्मा लागंल."

"जुना जमा कर."

"जुना असता तर नवा कशाला मागितला असता?"

"मग ही नवी मागणी झाली. तिला वरची मंजुरी लागते."

"वर कोण हाय?"

"मीच की!" रंगनाथ म्हणाला आणि पोटभर हसला. मंजुरी जागेनंतर, असं ठरलं.

मग वह्या भराभर संपू लागल्या. वर्षभर पुरणारी वही महिन्यात खलास.

"अगं, केवढालं अक्षर हे! पानात चार ओळी? मीठ दोन रुपयांचं अन् वही आठ रुपयांची!"

तिनं बारीक काढून पाहिलं, तर ओळी एकमेकींवर चढल्या. शेवटी सोळा जानेवारी शहाण्णवला रंगनाथनं 'वह्या' असा वेगळा रकाना आखला.

मार्च सत्त्याण्णवला उद्दिष्ट पुरं झालं. जागा दोघांच्या नावावर. खरेदीखतावर भागिरथीनं झोकात सही केली. टेबलावर. कागद वीतभर अलीकडं होता.

डॉक्टरांनी बॅटरी टाकून डोळे पाहिले. "नसा सुकल्यात. गेलेली नजर परत यायची नाही. वर्षापूर्वी आणलं असतं तर राहिली असती. कधीपासून दिसत नाही?"

"सोळा जानेवारी शहाण्णव," रंगनाथ म्हणाला.

"एवढं अचूक कुणी सांगत नाही हो," डॉक्टर कौतुकानं म्हणाले. फी ऐंशी रुपये.

घरी आल्यावर भागिरथीनं चाचपत वही शोधली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. वर पेन.

"आता तुमीच लिवा."

रंगनाथनं पेन उचललं.

"अन् ऐका," ती म्हणाली, "जुने डोळे जमा केलेत मी. नवे द्या."

रंगनाथनं दाराकडं पाहिलं. वरचं कुणी येतंय का, म्हणून.