काळा पडलेला फिल्टर

घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे सगळी गल्ली त्याला फिल्टरवालाच म्हणे. थोरली बहीण तेवढी त्याला 'शहाण्या' म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. शाळा कुठली, शर्ट कुठला, धंदा कुठला, सगळं ताई ठरवी आणि हा मान डोलवी.

आता ताई आयसीयूत होती. आतडं फुटून पोटभर पू झाला होता. चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं, पण तोवर विष रक्तात भिनलं आणि मूत्रपिंडांनी हात टेकले. म्हणून खाटेशेजारी एक मशीन लावलं होतं. एका नळीने रक्त बाहेर यायचं, फिल्टरमधून गाळून दुसरीने परत आत जायचं. ते बघून इतर नातेवाईक तोंड फिरवत, याला मात्र हायसं वाटलं. फिल्टर म्हणजे त्याच्या घरचंच माणूस.

आज सकाळी नर्सने तो फिल्टर बदलला. जुना पार काळा पडला होता. फिल्टरवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या धंद्यात फिल्टर जितका काळा, तितकं काम चोख.

"सगळी घाण निघाली म्हणायची," तो म्हणाला.

"घाण नाही हो ती. आत रक्त गोठलंय. चोंदला म्हणून बदलला."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"होतं असं कधीकधी," असं म्हणून नर्स पुढच्या खाटेकडे गेली.

तिथून त्याचं डोकं चालेनासं झालं. त्यात सर्जनबाईंनी बोलावून घेतलं. स्कॅनमध्ये पोटात पुन्हा पू दिसतोय, आजच उघडून धुवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन ताईला झेपेलच असं नाही. पण केलं नाही, तर ती वाचणार नाही.

"पण रक्त शुद्ध होतंय ना?"

"होतंय."

"मग तेच चालू ठेवा की. फिल्टर बदलत राहा. पुन्हा पोट कशाला फाडायचं?"

"मशीनने पोट धुतलं जात नाही," बाई म्हणाल्या. "तासाभरात सही करून द्या."

कागद घेऊन तो बाहेरच्या बाकावर बसला. रक्त शुद्ध होतंय म्हणतात आणि वाचणार नाही म्हणतात, तेही एकाच दमात. त्याने कागद तीनदा वाचला, एक अक्षर डोक्यात शिरेना. आपण सही केली आणि ती टेबलावरच गेली तर? त्याला ताईचाच राग आला. जन्मभर सगळं स्वतः ठरवलं, आणि नेमकं हे याच्या गळ्यात टाकून खुशाल पडून राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. जुन्या गिऱ्हाईक काकू होत्या.

"अहो, परवाच नवा फिल्टर बसवलात, तरी पाण्याला वास येतोय. अजून एखादा बसवून बघता का?"

याचं उत्तर त्याला झोपेतही पाठ होतं. "काकू, आधी वरची टाकी उघडा. तळाला घाण असेल तर मी दहा फिल्टर बदलले तरी..."

तो थांबला. मांडीवरच्या कागदाकडे बघत राहिला.

"हॅलो? अहो, टाकी जुनी झालीय. उघडताना तडकली म्हणजे?"

"तडकेलही," तो म्हणाला. "तरी उघडायलाच हवी."

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत त्याने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की ताईने बघितलं असतं तर टपली मारली असती.

"मग तुम्हीच या ना," काकू म्हणाल्या. "तुमच्यासमोरच उघडू."

"मला आत जाऊ देत नाहीत हो, काकू," फिल्टरवाला रडत म्हणाला.

आत म्हणजे कुठे, ते काकूंना काही कळेना.